मंगेशला पास द्यायचा नाही

मंगेश आमच्याकडे राहायला आला तेव्हा त्याच्या वडिलांनी एसटीच्या टपावरून तांदळाची एक गोणी आणली होती. पोलादपूरच्या वर, डोंगराच्या कुशीत त्यांचं गाव. तिथून महाडच्या कॉलेजात रोज येणं-जाणं जमणारं नव्हतं. अप्पा, म्हणजे माझे वडील, पूर्वी त्या गावच्या शाळेवर मास्तर होते, तेवढ्या ओळखीवर ते आमच्या दारात आले. गोणी उतरवून पडवीत टेकले, पण आईने पुढे केलेलं पाणी त्यांनी "आत्ताच प्यालोय" म्हणून हात न लावता तसंच ठेवलं. ते मराठे, आम्ही बौद्ध. अप्पांनी ते पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं. मंगेशने मात्र तोच पेला उचलला, घटाघटा प्यायला आणि "अजून हाय का गो काकी?" म्हणून आईपुढे धरला. त्या घटकेपासून आई त्याची झाली.

आमचं घर गल्लीच्या टोकाला. दोन खोल्या, स्वयंपाकघर, पुढे पडवी आणि मागे न्हाणीची दगडी फरशी. मंगेशची ट्रंक माझ्या कॉटखाली गेली आणि तो कॉटशेजारी सतरंजीवर. सकाळी आई तांदळाच्या भाकऱ्या थापायला बसली की मागच्या भिंतीवर मंगेश बॉल मारायला लागायचा. आत थप थप, बाहेर धप धप. अप्पांना रेडिओवरच्या बातम्या ऐकू यायच्या नाहीत. "मंगेश, ती भिंत माझ्या पगारातली आहे रे," असं ते आतून म्हणायचे आणि बाहेरची धप धप जेमतेम पाच मिनिटं थांबायची. तव्यावर सुकट पडली की मग तो आपणहून बॉल टाकून आत यायचा. वालाचं बिरडं असलं तर चौथी भाकरी मागायचा आणि मला न विचारता माझ्या ताटातली कांद्याची फोड उचलायचा. वारा फिरला की एमआयडीसीकडून औषधासारखा उग्र वास यायचा. तेव्हा सदऱ्याची बाही नाकाला लावून तो म्हणायचा, "आमच्याकडं वर असला वास नाय गो काकी, तुम्ही राहता कशी?" आई म्हणायची, "तुझ्या गावाला भात हाय, नोकरी हाय का?"

मार्च महिन्यात चवदार तळ्यावर माणसांचा पूर लोटायचा. लांबलांबून आलेली माणसं रात्रभर प्रवास करून, पायांना फोड घेऊन उतरायची. आमच्या गल्लीचा पाण्याचा स्टॉल असायचा आणि अप्पा दिवसभर तिथे उभे राहून येईल त्याच्या ओंजळीत, बाटलीत, पेल्यात पाणी ओतायचे. ड्रम भरून आणायचं काम माझं आणि मंगेशचं. अप्पा त्याला खांद्याला धरून ओळखीच्यांपुढे उभा करायचे. "हा मंगेश. पोलादपूरकडचा मराठ्याचा मुलगा. आमच्याकडेच असतो, आमच्याच ताटात जेवतो." मंगेशला त्यात काय सांगण्यासारखं आहे ते कळायचं नाही. तो ओशाळून हसायचा आणि रिकामा ड्रम डोक्यावर पालथा घालून चालू लागायचा.

आम्हाला फुटबॉलचा नाद लावला तो हसनभाईंनी. त्यांचे तीन ट्रक होते. तरुणपणी ते कुवेतला होते, तिथे त्यांना या खेळाचं वेड लागलं. नदीकाठच्या मैदानावर त्यांनी पाइपांचे गोलपोस्ट उभे केले, मोहल्ल्यातली, वाड्यांवरची, बाजारातली पोरं गोळा केली आणि आखातातून येणाऱ्या माणसांकरवी स्टडवाले बूट मागवले. मी मधल्या फळीत खेळायचो, मंगेश डाव्या बगलेला. माझ्यात एकच गुण होता. मला लांबचा बॉल अचूक टाकता यायचा. बॉल पायाशी आला की मान वर न करता मला कळायचं की मंगेश आत्ता कुठे धावत असेल, आणि मी तिथे बॉल टाकला की तो तिथे असायचाच. असं पुढे माझं कुणाशीच जमलं नाही. हसनभाई म्हणायचे, "तुम्हा दोघांची कुंडली एका बामणानं काढलेली दिसते."

मुंबईतल्या एका व्यावसायिक क्लबने आम्हाला दोघांनाही महिनाभर ट्रायलला बोलावलं. महिन्याच्या शेवटी त्यांनी मंगेशला करारावर ठेवून घेतलं आणि मला परत पाठवलं. "पाय चांगला आहे, वेग नाही," एवढंच क्लबचे साहेब म्हणाले. मंगेश मला स्टँडवर सोडायला आला. माझी बॅग त्याने उचलली होती. मी ती त्याच्या हातातून ओढून घेतली, त्याला वाटलं मला घाई आहे.

सात-आठ महिन्यांनी मोसमातली सुट्टी मिळाली तेव्हा तो आधी आमच्याकडे आला, गावी नंतर जातो म्हणाला. आईसाठी मिक्सर आणला होता, अप्पांसाठी पेन, माझ्यासाठी क्लबच्या रंगाचं जॅकेट. शिवाय खिशात एक मोबाइल होता. आमच्या गल्लीत तेव्हा कुणाकडेच नव्हता. तो आला त्याच आठवड्यात रविवारी महाडची मोठी स्पर्धा होती, अंतिम सामना आमचाच होता आणि त्यासाठी तो चार दिवस थांबणार होता. जेवताना म्हणाला, "आनंद्या, मी साहेबांशी बोललोय तुझ्यासाठी. होईल काय तरी." मी भाकरी मोडत राहिलो. माझ्यासाठी कुणी बोलावं आणि ते मंगेशने बोलावं, हे मला घशाखाली उतरत नव्हतं.

गुरुवारी दुपारी तो न्हाणीत होता. मामाला फोन लावायचा म्हणून मी त्याच्याकडे मोबाइल मागितला. तो आतूनच म्हणाला, "घे की, उशाला हाय." मामाचा फोन लागला नाही. बटणं दाबता दाबता मी मेसेज उघडले. सगळे एकाच नावाचे होते, 'कीपर'. त्यांच्या क्लबचा गोलकीपर. इंग्रजी अक्षरांत मराठी लिहिलेलं. जेवलास का. तुझा पलंग रिकामा हाय, तिकडं बघून झोप येत नाय. आणि मंगेशचं उत्तर, चार दिवस रे, मग आहेच मी. त्याखाली आणखी होते, ते इथे लिहीत नाही. ते माझे नव्हते.

मला किळस आली, असं मी पुढे सगळ्यांना सांगितलं. खरं तसं झालं नव्हतं. मला हलकं वाटलं होतं. सात-आठ महिने छातीवर बसलेलं काहीतरी उठून गेल्यासारखं. आता तो माझ्यापेक्षा वर नव्हता. मी फोन होता तसा उशाला ठेवला आणि चप्पल घालून चहाच्या टपरीवर गेलो. तिथे बाळ्या बसला होता, आमच्या संघाच्या बचावातला स्टॉपर. "कुणाला सांगू नको हां," म्हणून मी त्याला सगळं सांगितलं. सांगू नको हे कसं म्हणलं की माणूस सांगतोच, ते मला चांगलं ठाऊक होतं.

बाळ्या आधी खूप हसला. मग माझ्याकडे बघून म्हणाला, "तीन वर्षं तुमच्याच खोलीत झोपायचा ना रे तो?" आणि परत हसला. हा प्रश्न माझ्याकडे येईल हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. मग मी मंगेशबद्दल अजून बोलत सुटलो. घडलेलं, न घडलेलं. तो कसा बसतो, कसा हसतो, मला आधीपासून कसा संशय होता. जितकं बोलत होतो तितकं मला सुरक्षित वाटत होतं.

संध्याकाळपर्यंत गल्लीत झालं. आईला शेजारणीने नळावर सांगितलं. आई घरात आली आणि परातीतलं पीठ मळत बसली, मळून झालेलं पीठ पुन्हा मळत राहिली. अप्पा शाळेतून आले, त्यांना बाहेरच कुणीतरी गाठलं असावं. मंगेश मैदानावर गेलेला होता. अप्पांनी पिशवी खुंटीला लावली आणि अगदी हळू आवाजात म्हणाले, "अशा मुलांना आजार असतो म्हणतात. रविवारपर्यंत आहे तोवर राहू दे, त्याच्या वडिलांना शब्द दिलाय मी. पण त्याचं ताट-पेला वेगळा ठेव. धुऊन बाहेर फरशीवर ठेवायला सांग."

आई म्हणाली, "अहो, पोरगा हाय तो."

"मी त्याला घालवून देतोय का?" अप्पा म्हणाले.

हे लिहिताना मी उठून दोनदा पाणी पिऊन आलो. अप्पा वाईट माणूस नव्हते. त्यांनी आयुष्यभर गरिबांची पोरं शिकवली, कुणाच्या पुढ्यात मान वाकवली नाही. त्यांच्या आजोबांना ज्या तळ्याचं पाणी शिवू दिलं नव्हतं त्याच तळ्याच्या काठी ते दरवर्षी पाणी वाटत उभे राहिले. आणि तरी त्यांनी हे वाक्य उच्चारलं, नि त्या घरातल्या तिघांपैकी एकालाही त्या वेळी त्यात काही दिसलं नाही. मला तर नाहीच. मी मनात म्हणालो, बरं झालं.

रात्री आईने मंगेशचं ताट वाढलं ते जुनं अॅल्युमिनियमचं, पोचे पडलेलं. आम्हा तिघांची स्टीलची. त्याने ताटाकडे पाहिलं, आईकडे पाहिलं. आई चुलीकडे वळली. त्या दिवशी बिरडं होतं. त्याने दोनच भाकऱ्या खाल्ल्या. आई खाली बघत म्हणाली, "मंगेश, ताट तेवढं धुऊन मागं फरशीवर ठेव हां." तो "बरं काकी" म्हणाला. नळ बराच वेळ चालू होता. तीन दिवस त्याने ते ताट धुतलं, पालथं घातलं, वर पेला ठेवला. झोपताना अंधारात त्याने एकदाच विचारलं, "आनंद्या, काय झालंय रे सगळ्यांना?" मी म्हणालो, "काय नाय. झोप." सतरंजी मी आधीच कॉटपासून लांब सरकवली होती.

शनिवारी संघातल्या पोरांनी हसनभाईंना सांगितलं, तो असेल तर आम्ही त्याच्यासोबत कपडे बदलणार नाही. हसनभाई म्हणाले, "त्याच्या पायात काय हाय ते मी बघतो. बाकी त्याचं त्यालाच. उद्या फायनल हाय, गप खेळा." हसनभाई गेल्यावर बाळ्या म्हणाला, "खेळू दे की. पास द्यायचा नाय." सगळ्यांना ती युक्ती फार आवडली. बाळ्याने एकेकाला विचारलं. माझ्यापाशी आल्यावर थांबला. "आनंद?" मी म्हणालो, "माझं काय विचारतो? पहिला मी."

रविवारी मैदान माणसांनी भरलं होतं. खेळ सुरू झाला आणि पहिल्या दहा मिनिटांतच मंगेशला कळलं असावं. तो डाव्या बगलेने सुटायचा, हात वर करायचा, "आनंद्या, वर" म्हणून हाक मारायचा, आणि बॉल उजवीकडे जायचा. मागे जायचा. एकदा तर तो चार पावलांवर एकटा उभा असताना आमच्या पोराने बॉल समोरच्याच्या पायात घातला. प्रेक्षकांत कुणीतरी "मिठा" म्हणून ओरडलं. मग एक कोपरा ओरडायला लागला, मग टाळ्यांच्या तालावर सगळी बाजू. बायल्या, मिठा, आणि असंच बरंच. त्यात आमच्या गल्लीतली माणसं होती, त्याच्यासोबत मार्चमध्ये ड्रम वाहिलेली. मंगेश धावायचा थांबला नाही. प्रत्येक वेळी जागा मोकळी करून जायचा, हात वर करायचा, वाट बघायचा, परत यायचा.

मध्यंतरात हसनभाईंनी मला दंडाला धरून बाजूला घेतलं. "तो खुर्चीवर टोपीवाला बसलाय, ओळखलास? क्लबचा साहेब. तुला बघायला आलाय तो, तुला. मंगेश महिनाभर मागं लागला होता म्हणून आलाय. तुला काय येतं ते दाखव ना मग. टाक बॉल त्याच्यावर." मी मंगेशकडे पाहिलं. तो सगळ्यांपासून वेगळा बसून बुटाची नाडी बांधत होता. बर्फाची पिशवी आणि पाण्याची बाटली सगळ्यांत फिरून त्याच्या अलीकडे थांबली होती.

तेव्हा मी बदलू शकलो असतो. पाऊण तास हातात होता. पण दुसरा हाफ सुरू झाला आणि बॉल माझ्याकडे आला की मला बाळ्याची नजर पाठीवर जाणवायची. एक पास दिला असता तर मीही त्यातलाच ठरलो असतो. त्या भीतीपुढे मुंबईचा क्लबही मला लहान वाटला. आम्ही एका गोलने मागे होतो. शेवटची दोन-तीन मिनिटं राहिली असताना आमच्या कीपरने मारलेला बॉल माझ्या छातीवर आला, खाली पडला, पायाशी बसला. समोरची सगळी फळी उजवीकडे झुकली होती. डावीकडे मंगेश एकटा, पुढे फक्त गोलकीपर. या वेळी त्याने हात वर केला नाही, हाकही मारली नाही. नुसता माझ्याकडे बघत धावत होता. मी बॉल टच लाइनच्या बाहेर मारला. त्याच्या बाजूला नाही, दुसऱ्या बाजूला, लांब, नदीकडे. मैदानात जी टाळी पडली तशी माझ्या कुठल्याच पासला आयुष्यात पडली नव्हती. आम्ही हरलो आणि पोरांनी मला खांद्यावर घेतलं.

साहेबाने मला पाहिलं तेवढं त्याला पुरे झालं होतं. तो हसनभाईंना फक्त एवढंच म्हणाला, "हे काय चाललंय तुमच्याकडे?" मग बाळ्यानेच पुढे होऊन त्याला सांगितलं, आणि माझ्याकडे बोट दाखवून म्हणाला, "मेसेज यानं वाचलेत." साहेबाने मला विचारलं, खरं का? मी हो म्हणालो. त्याने कपाळ चोळलं. "माझ्याकडे पंचवीस पोरं एका खोलीत कपडे बदलतात," तो म्हणाला. "बाहेर कळलं तर जाहिरातवाले मला विचारतील. मी कुणाला कसं समजावू?" तो रागावलेला नव्हता. एखाद्याचा पाय मोडला म्हणजे जसं वाटतं तसं त्याला वाटत होतं. पुढे क्लबचं पत्र आलं, मंगेशचा करार संपवल्याचं. कारण लिहिलं होतं, तंदुरुस्ती नाही. त्या मोसमात त्यांच्याकडे सगळ्यात जास्त धावणारा तोच होता, असं हसनभाई म्हणत. त्या मेसेजवाल्या कीपरला त्यांनी बोलावून विचारलं होतं. त्याने सांगितलं, तोच माझ्या मागे लागला होता. कीपर त्या क्लबात पुढे बरीच वर्षं खेळला.

सामन्याच्या दुसऱ्या दिवशी मंगेशचे वडील आले. कुणी निरोप पोचवला कुणास ठाऊक. पडवीत न टेकता ते घराला वळसा घालून थेट मागे गेले, मंगेश तिथे तोंड धूत होता. त्यांना फरशीवरचं ताट दिसलं. पालथं, वर पेला. त्यांनी अप्पांकडे पाहिलं. "मास्तर, ह्याचं ताट बाहेर का?"

अप्पा फरशीकडे बघत राहिले.

"तुमच्या घरात ठेवला म्हणून गावानं मला काय काय ऐकवलं. मी ऐकून घेतलं. म्हणलं, मास्तरांच्या घरी पोराला कुणी कमी लेखणार नाय." मग त्यांनी वळून मंगेशच्या तोंडात मारली. एकदा, दोनदा, मग मोजता येणार नाही इतक्यांदा. मंगेशने हात वर केले नाहीत. आई मध्ये पडायला धावली, अप्पांनी तिला धरलं. मी न्हाणीच्या दारात उभा होतो. मारता मारता त्या माणसाच्या तोंडातून रडण्यासारखा आवाज येत होता. मंगेशची ट्रंक त्यांनी स्वतःच्या डोक्यावर घेतली आणि दोघं स्टँडकडे चालत गेले, मागेपुढे, वीसेक पावलांचं अंतर ठेवून. आईने ते ताट भंगारात दिलं. मिक्सर मात्र आम्ही पुष्कळ वर्षं वापरला.

मी पुन्हा बुटांना हात लावला नाही असं लिहायला बरं दिसेल, पण ते खोटं होईल. मी अजून चार वर्षं खेळलो, मग कारखान्यात लागलो, लग्न केलं. मंगेशचंही त्या सामन्याच्याच वर्षी लग्न लावून दिल्याचं कानावर आलं. हल्ली माझा मुलगा मोबाइलवर परदेशातली लीग बघतो. परवा तिकडच्या एका खेळाडूने जाहीर सांगितलं की मी असा आहे. खाली आपल्या लोकांनी मराठीत लिहिलेलं मी शेवटपर्यंत वाचलं. शब्द तेच होते, मैदानातले. आपल्याकडच्या लीगमध्ये कुणी असं सांगितल्याचं माझ्या ऐकण्यात नाही, आणि का नाही हे मला कुणी समजावून सांगायची गरज नाही.

अप्पा या विषयावर एक अक्षर न बोलता गेले. आई या वर्षी गेली. शेवटच्या आठवड्यात तिला माणसं ओळखू येत नव्हती. एकदा माझा हात धरून म्हणाली, "मंगेश जेवला का रे?" मी जेवला म्हणालो. ती म्हणाली, "आत बसवलास ना?"

तिचे विधी उरकल्यावर मी मोटारसायकल काढली. पोलादपूरच्या अलीकडे हायवेला त्याचं टायरचं दुकान आहे, हे मला दहा वर्षांपासून माहीत होतं. तो पत्र्याच्या टबासमोर बसून ट्यूब पाण्यात दाबत होता. केस पिकलेले, पोट सुटलेलं. मला बघून उठला नाही, पण ओळखलं.

"काकी गेल्या म्हणे," तो म्हणाला.

"हो. तुझी आठवण काढत होती."

तो ट्यूब फिरवत राहिला. मी त्याच्यासमोर उकिडवा बसलो. मग म्हणालो, "मंगेश, तुझा फोन मी वाचला होता. बाळ्याला मीच सांगितलं."

"माहीत हाय," तो म्हणाला. "फोन तुझ्याच हातात होता. दुसरा कोण सांगणार?"

"कधी कळलं तुला?"

"त्याच रात्री. तू सतरंजी सरकवलीस तवा."

"मग राहिलास कशाला चार दिवस? खेळलास कशाला?"

पाण्यात बुडबुडे आले. त्याने ट्यूब बाहेर काढली, फडक्याने पुसली. "साहेब तुला बघायला येणार होता. मी निघून गेलो असतो तर तो आला नसता." भोकाभोवती त्याने खडूने एक गोल काढला. "आणि वाटलं, मैदानात तरी देशील."

मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं.

"घरात कुणाला काय माहीत नाय माझ्या," तो म्हणाला. "परत येऊ नको."

बाहेर ट्रकवाल्याने हॉर्न दिला. मंगेशने कानस घेतली आणि ट्यूब घासायला लागला. मी होतो तोवर त्याने मान वर केली नाही.